परक्यांपुढें बोलतांना

सोलापूर शहराहून पुण्याच्या दिशेनें महामार्गानें निघालें म्हणजे कांहीं मैलांवर चिंचोळीची एमआयडीसी, म्हणजे औद्योगिक वसाहत, लागते. पाळी बदलण्याच्या वेळीं तेथील कारखान्यांच्या फाटकांपाशीं उभें राहिल्यास मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू आणि हिंदी अशा भाषा एकाच वेळीं कानीं पडतात. सोलापूरच्या माणसाला यांत कांहीं नवल वाटत नाहीं. या शहराचें ग्रामदैवत जे सिद्धेश्वर, त्यांचीं बाराव्या शतकांतील वचनें कानडींत आहेत. येथील मागावर चादर विणणारीं कित्येक कुटुंबें तेलंगणांतून आलीं आणि त्यांच्या घरांत आजही तेलुगू बोलली जाते. याच शहरानें महाराष्ट्राला राम जोशी हा शाहीर दिला, आणि त्यानें मराठीच्या जोडीला संस्कृत, कानडी व हिंदी यांची मिसळ करून रचना केली. बारा कोसांवर भाषा बदलते असें म्हणतात. सोलापुरांत ती एका गल्लींतून दुसऱ्या गल्लींत जातांना बदलते.

परंतु शेजार म्हणजे ओळख नव्हे. एकाच यंत्रावर वर्षानुवर्षें काम करणारीं दोन माणसें परस्परांचीं नांवें विसरून ‘तो बिहारी’, ‘तो तेलंगी’, ‘तो गांवढळ’ असा उल्लेख करीत असतात. ईशान्येकडील तरुणाच्या चेहऱ्याकडे पाहून त्याला परदेशी ठरविणारे आणि काळ्या वर्णाच्या आफ्रिकी विद्यार्थ्यास घर भाड्यानें देतांना कांकूं करणारे लोक सुशिक्षित वस्त्यांतही आढळतात. माणसाचा जन्म, वर्ण, चेहरा किंवा बोलण्याचा हेल पाहून त्याची किंमत ठरविणें, हेंच वंशद्वेषाचें मूळ होय. तो केवळ गोऱ्यांचा दुर्गुण आहे, आपल्या अंगणांत तो उगवत नाहीं, अशी कित्येकांची समजूत असते; ती खरी नाहीं. हा दुरावा कमी करण्यासाठीं सभा भरतात, शाळांतून आणि कारखान्यांतून व्याख्यानें होतात. तेव्हां प्रश्न असा उपस्थित होतो कीं, अशा वेळीं वक्त्यानें बोलावें तरी कसें? कोणतें बोलणें मन जोडतें आणि कोणतें उलट तोडतें?

प्रथम शास्त्राची साक्ष पाहणें योग्य होईल. दुसऱ्या महायुद्धांत वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनेनें जो संहार घडविला, तो पाहून १९५० सालीं युनेस्को या संस्थेनें जगांतील विद्वानांकरवीं वंशाविषयीं एक निवेदन प्रसिद्ध केलें. सर्व मानव एकाच जातीचे प्राणी आहेत, आणि वंशावंशांत बुद्धीची वा स्वभावाची उपजत उच्चनीचता असल्याचा पुरावा नाहीं, असा त्याचा आशय होता. पुढें १९७२ सालीं रिचर्ड लेवांटिन या अमेरिकन शास्त्रज्ञानें रक्तांतील घटकांच्या आधारें हिशेब मांडला. माणसामाणसांत जी आनुवंशिक विविधता आढळते, तिचा सुमारें ८५ टक्के भाग एकाच लोकसमूहाच्या आंत असतो, आणि ज्यांना आपण वंश म्हणतों त्यांच्यामध्यें पडणारा भाग अगदीं थोडा असतो, असें त्यास दिसून आलें. मानवी जनुकसंचाचें वाचन पूर्ण झाल्याचें २००३ सालीं जाहीर झालें. कोणत्याही दोन माणसांचा संच ९९ टक्क्यांहून अधिक सारखा असतो, हें आतां सर्वमान्य आहे. कातडीचा रंग हा मुख्यतः सूर्यप्रकाशाच्या कमीअधिक तीव्रतेशीं शरीरानें केलेल्या तडजोडीचा परिणाम आहे. त्यावरून माणसाच्या बुद्धीचा वा शीलाचा अंदाज करणें म्हणजे पुस्तकाच्या वेष्टनावरून त्यांतील मजकूर सांगण्यासारखें होय.

हें सारें ज्ञान खरें आणि आवश्यक आहे. तथापि केवळ आंकडे ऐकून कोणाचें मन पालटल्याचें क्वचितच दिसतें. कारण द्वेष हा बहुधा अज्ञानापेक्षां संवयीवर जगतो, आणि त्या संवयीला कायद्याचें पाठबळ मिळालें म्हणजे ती पिढ्यान् पिढ्या टिकते. याचें उदाहरण शोधण्यास सोलापूरकरांना दूर जावें लागत नाहीं. ब्रिटिश सरकारनें १८७१ सालीं गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढें तो निरनिराळ्या प्रांतांना लागू होत गेला. या कायद्यानें कित्येक भटक्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविलें. पाळण्यांतलें मूल, ज्यानें अजून पाऊल टाकलें नाहीं, तेंही सरकारी नोंदींत संशयित झालें. सोलापुरांत अशा जमातींसाठीं कुंपणाआड वसाहत करण्यांत आली होती. स्वातंत्र्यानंतर, १९५२ च्या ऑगस्टअखेर, हा कायदा रद्द झाला आणि त्या जमातींस विमुक्त हें नांव मिळालें. पण शहराचा तो भाग आजही ‘सेटलमेंट’ म्हणूनच ओळखला जातो. कागदावरचा कायदा एका दिवसांत रद्द करतां येतो. लोकांच्या बोलण्यांतला कायदा रद्द होण्यास फार काळ लागतो. वक्त्याचें कार्य या दुसऱ्या कायद्याशीं आहे.

या कार्यांत वक्त्याकडून सामान्यतः दोन प्रमाद घडतात. पहिला प्रमाद श्रोत्यांना फैलावर घेण्याचा. ‘तुम्ही सारे संकुचित आहां’ अशा सुरांत बोलावयास लागलें कीं श्रोता ऐकण्याचें सोडून मनांत स्वतःचें वकीलपत्र घेतो, आणि मग व्याख्यात्याच्या प्रत्येक वाक्याला तो मनांतल्या मनांत उत्तर देत बसतो. दुसरा प्रमाद शब्दांच्या आतषबाजीचा. विश्वबंधुत्व, मानवता, एकात्मता हे शब्द इतके गुळगुळीत झाले आहेत कीं ते कानावरून घसरून जातात. श्रोत्यांवर परिणाम झाला नाहीं म्हणजे वक्ता ‘गाढवापुढें वाचली गीता’ ही म्हण आठवून स्वतःचें समाधान करून घेतो. वस्तुतः त्या म्हणींतच सारा रोग भरलेला आहे. जो आपल्या श्रोत्याला गाढव समजतो, त्याला समतेवर बोलण्याचा अधिकार कोणता?

तर मग अनुकरणीय असें उदाहरण कोणाचें? ते याच सोलापुरानें दिलें आहे, आणि ते व्यासपीठावर गाजलेल्या वक्त्याचें नसून एका शस्त्रवैद्याचें आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १९१० सालीं सोलापुरांत झाला. मुंबईच्या शेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयांत त्यांचें शिक्षण झालें. जपाननें चीनवर आक्रमण केल्यानंतर चिनी सेनापति चू ते यांनीं पंडित नेहरूंस पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. त्या वेळीं सुभाषचंद्र बोस राष्ट्रसभेचे अध्यक्ष होते. त्यांच्या पुढाकारानें निधि जमला, आणि सप्टेंबर १९३८ मध्यें पांच डॉक्टरांचें पथक मुंबई बंदरांतून निघालें. अलाहाबादचे डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुकर्जी, आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस, असे ते पांच होत.

तेथें पोंचल्यावर या पांचांनीं एक लहानशी पण अर्थपूर्ण गोष्ट केली. त्यांनीं चिनी नांवें धारण केलीं, आणि प्रत्येक नांवाच्या शेवटीं ‘ह्वा’ हें अक्षर ठेवलें. ‘ह्वा’ म्हणजे चीन. परक्याच्या दारीं गेल्यावर त्याचें नांव आपल्या नांवाशीं जोडून घेणें, ही कोणत्याही भाषणापेक्षां अधिक स्पष्ट अशी प्रस्तावना होती. फेब्रुवारी १९३९ मध्यें पथक येनानला पोंचलें. पुढें इतर डॉक्टर एकामागून एक स्वदेशीं परतले. कोटणीस मात्र उत्तर चीनमधील डोंगराळ युद्धभूमीवर गेले, आणि जानेवारी १९४१ मध्यें तेथील बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांति रुग्णालयाचे प्रमुख झाले. नॉर्मन बेथ्यून या ज्या कॅनेडियन शस्त्रवैद्याचें नांव त्या रुग्णालयास दिलेलें होतें, तोही असाच परका होता, आणि जखमी सैनिकांवर उपचार करीत असतां रक्त दूषित होऊन १९३९ सालीं तेथेंच मृत्यु पावला होता.

कोटणीसांच्या कार्यांत भाषेचें स्थान काय होतें, हें येथें विशेष ध्यानांत घेण्याजोगें आहे. दुभाष्याच्या आधारानें ते काम भागवूं शकले असते. पण जखमी सैनिकाला कोठें दुखतें हें तिसऱ्याच्या तोंडून ऐकणें आणि त्याच्याच तोंडून ऐकणें यांत अंतर आहे. त्यांनीं चिनी भाषा बोलण्यास व वाचण्यास शिकून घेतली आणि अखेरीस त्याच भाषेंत विद्यार्थ्यांना शस्त्रक्रियेचे पाठ देऊं लागले. ज्याला आपली मातृभाषा दुसऱ्यावर लादावयाची नाहीं, त्याला प्रथम विद्यार्थी व्हावें लागतें, आणि विद्यार्थी होणें म्हणजे चुकणें, लोकांनीं आपल्या उच्चारावर हंसणें, आणि त्या हंसण्यांत आपणही सामील होणें होय. अशा माणसाला कोणी परका म्हणत नाहीं. तेथील परिचर्याशिक्षिका क्वो छिंग्लान यांच्याशीं त्यांचा १९४१ सालीं विवाह झाला. ऑगस्ट १९४२ मध्यें मुलगा झाला. त्याचें नांव यिन्ह्वा ठेवलें. ‘यिन्’ म्हणजे हिंदुस्थान आणि ‘ह्वा’ म्हणजे चीन. त्याच वर्षीं ९ डिसेंबरला, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षीं, अपस्माराच्या झटक्यांनीं कोटणीसांचा अंत झाला. १९४६ सालीं व्ही. शांताराम यांनीं त्यांच्या जीवनावर बोलपट काढला आणि घरोघरीं त्यांचें नांव झालें. पुढें हिंदुस्थान आणि चीन यांचे संबंध अनेकदां बिघडले. तरीही या एका नांवाचा आदर दोन्हीं देशांत टिकून राहिला.

कोटणीसांच्या उदाहरणांतून निघणारा पहिला धडा असा कीं, परक्यांशीं बोलण्यापूर्वीं त्यांची भाषा निदान थोडी तरी शिकावी. चिंचोळीसारख्या ठिकाणीं तर ही केवळ सौजन्याची बाब नाहीं. कित्येकदां ती प्राणावर बेतणारी असते. एकच शब्द दोन भाषांत निरनिराळ्या अर्थांनीं वावरतो, आणि तो ओळखीचा वाटतो म्हणूनच अधिक फसवितो. मराठी माणूस ‘धोका’ या शब्दानें संकट सुचवितो. हिंदी भाषिकास मात्र ‘धोखा’ म्हणजे फसवणूक वाटते, आणि संकटाला तो ‘खतरा’ म्हणतो. हिंदी बोलणारा कामगार ‘टाकी खाली है’ म्हणाला तर ती रिकामी आहे असें त्याला सांगावयाचें असतें. ऐकणारा नुकता गांवाकडून आलेला मराठी मुलगा ती तळाला कोठें आहे हें शोधूं लागतो. रसायनाच्या टाकीजवळ एवढा गैरसमज पुरेसा असतो. हिंदींत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, पण मराठी, कानडी आणि तेलुगू या तिन्हीं भाषांत तो शब्द दंडाचा वाचक आहे. तेलुगूंत ‘आलस्यम्’ म्हणजे उशीर. तो शब्द ऐकून मराठी मुकादमाला कामगार आपला आळस कबूल करीत आहे असें वाटावें, यांत आश्चर्य तें काय? आणि गंमत अशी कीं, ज्या विषयाचा येथें विचार चालला आहे त्या भाषणालाच तेलुगूंत ‘उपन्यासम्’ व कानडींत ‘उपन्यास’ म्हणतात, तर हिंदींत उपन्यास म्हणजे कादंबरी. जो वक्ता असे शब्द आधींच हेरून ठेवतो, त्याचें अर्धें काम तेथेंच होतें.

दुसरा धडा दुभाष्यासंबंधीं आहे. सर्वच भाषा सर्वांना येणें शक्य नाहीं. तेव्हां दुभाष्या घ्यावा लागतोच. अशा वेळीं वाक्यें लहान ठेवावीं आणि एका वाक्यांत एकच विचार मांडावा. शब्दश्लेष, म्हणी आणि कोट्या टाळाव्या, कारण त्या वाटेंतच मरतात. बोलतांना दृष्टि दुभाष्याकडे न ठेवतां श्रोत्याकडे ठेवावी. नाहीं तर श्रोत्याला आपण सभेंत हजर असून आपल्याविषयीं तिसऱ्यापाशीं बोललें जात आहे असें वाटतें. शेवटीं ‘समजलें ना?’ असें विचारूं नये. या प्रश्नाला सर्व भाषांत ‘हो’ असेंच उत्तर येतें. दक्षिणेकडील माणसाची होकाराची मान तर डावीउजवीकडे हालते आणि उत्तरेकडचा ती नकार समजतो. त्याऐवजीं ‘अमुक प्रसंग आला तर तुम्ही प्रथम काय कराल, तें सांगा पाहूं’ असें विचारावें. श्रोत्यानें स्वतःच्या शब्दांत परत सांगितलें म्हणजेच सांगणाऱ्याचें सांगणें पुरें झालें.

तिसरा धडा एका सतरा वर्षांच्या मराठी मुलीकडून घ्यावा लागतो. आनंदीबाई जोशी यांनीं २४ फेब्रुवारी १८८३ रोजीं बंगालमधील श्रीरामपूर येथील महाविद्यालयाच्या दिवाणखान्यांत इंग्रजींत भाषण केलें. श्रोते होते बंगाली आणि युरोपीय. बोलणारी होती एक दक्षिणी ब्राह्मण तरुणी, आणि विषय होता आपण वैद्यक शिकण्यासाठीं अमेरिकेस कां जात आहों हा. त्यांनीं श्रोत्यांवर आरोप केले नाहींत, कीं त्यांची मनधरणी केली नाहीं. लोक त्यांच्याविषयीं जे प्रश्न पाठीमागें कुजबुजत होते, ते सहा प्रश्न त्यांनीं स्वतःच एकेक करून उघडपणें मांडले आणि प्रत्येकाचें सरळ उत्तर दिलें. हिंदुस्थानांत शिकण्याची सोय नाहीं काय? एकटीनें कां जावयाचें? परत आल्यावर वाळींत टाकलें तर काय? पूर्वग्रहाला उजेडांत आणण्याची याहून सभ्य रीति सांपडणें कठीण. ज्या शंका मनांत दडलेल्या असतात त्या विषारी होतात. त्याच मोकळ्या हवेंत मांडल्या म्हणजे बहुधा निरुपद्रवी होऊन जातात. १८८६ सालीं पेन्सिल्व्हेनियांतील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून त्या पदवीधर झाल्या, आणि तेथेंही त्यांनीं आपलें लुगडें व आपला शाकाहार सोडला नाहीं. परक्यांशीं जुळवून घेणें म्हणजे स्वत्व गमावणें नव्हे, हें त्यांच्या वर्तनानें दाखविलें.

चौथा धडा जोतीराव फुले यांच्यापासून घेण्यासारखा आहे. १८७३ सालीं प्रसिद्ध झालेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ त्यांनीं अमेरिकेंतील ज्या सज्जनांनीं नीग्रो गुलामांना मुक्त करण्याचें कार्य केलें, त्यांना अर्पण केला. ज्यांना त्यांनीं कधीं पाहिलें नव्हतें, त्या लोकांच्या बेड्या तुटल्याचा आनंद मानतांना त्यांना आपल्या घरच्या बेड्या दिसत होत्या. वंशद्वेषावर बोलणाऱ्यानें ही दृष्टि सोडूं नये. दूरच्या देशांतील अन्यायावर हळहळणें सोपें असतें. परदुःख शीतल असें म्हणतात तें उगीच नव्हे. त्या अन्यायाचा धागा आपल्या आळीपर्यंत, आपल्या पाणवठ्यापर्यंत, आपल्या कारखान्यांतील जेवणाच्या पंगतीपर्यंत आणून पोंचविणें, यांतच वक्त्याची कसोटी आहे. परंतु तो धागा आणतांना श्रोत्याच्या गळ्याभोंवतीं फांस म्हणून आणूं नये. श्रोत्याला स्वतःचा अपमान कधीं ना कधीं घडलेला असतोच: शहरांत गेल्यावर गांवढळ म्हणून, परप्रांतांत गेल्यावर परका म्हणून. त्या आठवणीला हात घातला म्हणजे दुसऱ्याचा अपमान त्याला आपोआप कळूं लागतो.

तथापि भाषणानें सर्व कांहीं साधतें, असा समज करून घेणें हाही एक भ्रमच होय. गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें १९५४ सालीं पूर्वग्रहाच्या स्वरूपावर जो ग्रंथ लिहिला, त्यांत भिन्न समूहांचा केवळ सहवास पुरेसा नसतो हें त्यानें दाखविलें. सहवासानें दुरावा कमी व्हावयास चार गोष्टींची अनुकूलता लागते: त्या सहवासांत दोघांचा दर्जा समान असावा, दोघांपुढें एकच ध्येय असावें, तें गांठण्यासाठीं परस्परांच्या साहाय्याची गरज असावी, आणि वरिष्ठांचा, कायद्याचा वा रूढीचा त्याला पाठिंबा असावा. या चार कसोट्या कारखान्याला लावून पाहाव्या. एका भाषेचे लोक नेहमीं हुकूम देणार आणि दुसऱ्या भाषेचे नेहमीं ते झेलणार, अशी स्थिति असेल तर वर्षभर व्याख्यानें देऊनही उपयोग होणार नाहीं. उलट मिश्र भाषांच्या कामगारांची एकच तुकडी केली, सुरक्षिततेची जबाबदारी पाळीपाळीनें प्रत्येकाकडे दिली, आणि टोपणनांवानें हाक मारणाऱ्या मुकादमाला व्यवस्थापकानें समज दिली, तर भाषणाला जमीन तयार होते. मशागत न केलेल्या शेतांत उत्तम बीं पेरलें म्हणून पीक येत नाहीं.

अशा सभांत एक नाजूक प्रसंग हमखास येतो. श्रोत्यांपैकीं कोणी उठून एखाद्या समाजाविषयीं सरसकट कडू उद्गार काढतो. त्याला सर्वांदेखत खजील केलें तर तो त्या दिवसापुरता गप्प बसतो, पण पक्का होऊन घरीं जातो. त्याच्या बोलण्याकडे दुर्लक्ष केलें तर ज्या समाजाची निंदा झाली त्याचे लोक सभेंत एकटे पडतात. मधला मार्ग असा कीं, ‘ही गोष्ट आपणांस कोणत्या माणसाच्या बाबतींत अनुभवास आली?’ असें शांतपणें विचारावें. बहुधा उत्तर एका माणसापाशीं येऊन थांबतें, कित्येकदां तर ऐकीव गोष्टीपाशीं; आणि एका माणसाचा दोष लाखांच्या माथीं मारला जात होता हें बोलणाऱ्यालाच आपल्या तोंडून ऐकूं येतें. मात्र त्याच वेळीं, ज्यांची निंदा झाली त्यांच्याकडे वळून ती मान्य नसल्याचें निःसंदिग्ध शब्दांत सांगणें, हें वक्त्याचें कर्तव्य आहे. सौजन्य म्हणजे तटस्थता नव्हे.

तात्पर्य, परक्यांपुढें बोलण्याची कला ही मुख्यतः ऐकण्याची कला आहे. श्रोत्याचें नांव शुद्ध उच्चारणें, त्याच्या भाषेंतलें निदान एक वाक्य मनापासून शिकणें, त्याला ‘तुम्ही’ म्हणणें, त्याच्या शंकेला उत्तर देणें आणि आपलें बोलणें त्याला समजलें कीं नाहीं याची जबाबदारी आपल्याकडे घेणें, या गोष्टींना मोठी विद्वत्ता लागत नाहीं. ज्यांच्या घरीं दूधवाला, रखवालदार, भाडेकरू किंवा सहकारी म्हणून दुसऱ्या प्रांताचें माणूस रोज येतें, त्यांना सभेची वाट पाहण्याचेंही कारण नाहीं. त्या माणसाला त्याच्या नांवानें हाक मारून त्याच्या गांवाची चौकशी केली, तर हें शिक्षण उद्यां सकाळींच सुरू होऊं शकतें.